बासष्टचे बूट

आचारसंहिता लागली की आमच्या कोर्सच्या व्हॉट्सॲप ग्रुपला ॲडमिन कुलूप लावतो. निकाल लागेपर्यंत फक्त वाढदिवस आणि श्रद्धांजली, असा त्याचा हुकूम. खडकवासल्याला तीन वर्षं एकत्र रगडा खाल्लेली ही माणसं. काहींनी आता गणवेश उतरवला आहे, ते बोलायला मोकळे आहेत. बाकीचे अजून नोकरीत. बोलणाऱ्यांनी बोलायचं आणि नोकरीतल्यांनी वाचून दात-ओठ खायचे, यापेक्षा कुलूप बरं.

गावाकडच्या ग्रुपला मात्र कुलूप नाही. तिथे काकांपासून भाच्यापर्यंत सगळे मला विचारतात, "तू तर तिथेच आहेस, खरं काय ते सांग." प्रत्येकाला 'खरं' आपल्याच पक्षाच्या बाजूचं हवं असतं. मी उत्तर देत नाही. ट्रंक उघडतो, बूट बाहेर काढतो आणि पॉलिश करत बसतो.

हा माझा जुना छंद आहे. जुने बूट आणि जुन्या डेनिम. घरी नऊ जोड बूट आहेत, चार जीन्स आणि दोन जॅकेटं. बायको त्याला भंगार म्हणते. प्रत्येक बदलीला पॅकिंग तिच्याच वाट्याला येत असल्यामुळे तिला तो अधिकार आहे. फील्ड पोस्टिंगला सगळं आणता येत नाही, म्हणून इथे अरुणाचलमध्ये फक्त दोन जोड आणि एक जीन्स माझ्याबरोबर आले.

ती जीन्स पानिपतची. मराठी माणूस पानिपतला जातो तो काला आंबच्या स्मारकापुढे उभं राहायला. मीही गेलो, उभा राहिलो, आणि परतताना जुन्या कपड्यांच्या एका गोदामात शिरलो. जगभरातले टाकून दिलेले कपडे गठ्ठ्यांनी पानिपतला येतात. तिथे ते फाडून, पिंजून त्यांचा पुन्हा धागा करतात आणि त्या धाग्याची ब्लँकेटं विणतात. सैन्याच्या बराकींमधली ब्लँकेटंही तिथून येत आली आहेत. एका ढिगात मला निळ्या कापडाची किनार दिसली. पांढरा काठ आणि त्यात एक लाल धागा. गोदामवाला म्हणाला, "साहब, फटी पैंट का क्या करोगे? नई ले लो, उसमें फटी हुई भी मिलती है." मी शंभर रुपये दिले. त्याला वाटलं आपण साहेबाला फसवलं.

तो काठ कशाचा, हे मला माहीत होतं, कारण माझे आजोबा मुंबईच्या एका गिरणीत साचे खात्यात होते. जुन्या मागावर धोटा बाण्याचा धागा घेऊन इकडून तिकडे जातो आणि काठाशी वळून परत येतो, धागा तुटत नाही. म्हणून कापडाची कड आपोआप बंद होते. नव्या मागांना धोटाच नसतो. त्यांवर बाणा दर फेरीला कापला जातो आणि कडेला झालर राहते. धोट्याचं कापड अरुंद, जेमतेम ३० इंच पन्ह्याचं, आणि काम सावकाश. अमेरिकेत अशा डेनिमसाठी नावाजलेली ग्रीन्सबरोची व्हाइट ओक गिरणी २०१७ च्या अखेरीस बंद पडली. आज हे कापड जिवापाड जपतात ते जपानी लोक, ओकायामाजवळच्या कोजिमा गावातले. माझ्या जीन्सच्या खिशावरच्या लाल पट्टीत कंपनीच्या नावातला ई छोटा आहे, म्हणजे ती १९७१ नंतरची. आणि काठ धोट्याचा आहे, म्हणजे १९८० च्या दशकाच्या मध्याच्या पलीकडची नाही. एवढं त्या फाटक्या पँटने स्वतःच सांगितलं.

निळीची गंमत आणखी वेगळी. नीळ पाण्यात विरघळत नाही. तिला आधी पिंपात आंबवून किंवा रसायन घालून विरघळवावं लागतं, तेव्हा ती पिवळट हिरवी दिसते. त्यात बुडवलेलं सूत बाहेर काढलं की हवा लागून डोळ्यांदेखत निळं होतं. पण रंग धाग्याच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही, बाहेरच बसतो. डेनिममध्ये ताणा निळा आणि बाणा पांढरा. वापरता वापरता वरचा निळा थर झिजतो आणि आतला पांढरा गाभा उघडा पडतो. गुडघा जिथे वाकतो तिथे, पाकीट जिथे असतं तिथे. ही झीज त्या एका माणसाची असते, दुसऱ्या कुणाची होऊ शकत नाही.

बाजाराने त्यावरही उपाय काढला. नवी पँट वाळूच्या फवाऱ्याने घासून जुनी दिसेल अशी करायची. तुर्कस्तानात हे काम करणाऱ्या तरुण पोरांच्या फुप्फुसांत वाळूची धूळ बसली. खाणकामगारांना म्हातारपणी होणारा सिलिकोसिस त्यांना विशी-पंचविशीत झाला, कित्येक मेले. २००९ मध्ये तिथल्या सरकारने या फवाऱ्यावर बंदी आणली. न झिजता झिजल्याचं सोंग आणायचं म्हटलं की त्याची किंमत कुणीतरी तिसराच मोजतो.

आणखी एक शब्द इथेच सांगून टाकतो. इंग्रजांनी डेनिमसारख्या जाड्याभरड्या सुती कापडाला 'डंगरी' म्हटलं ते आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून. तिथे विकलं जाणारं ते कापड जहाजांवर गेलं, खलाशांच्या अंगावर चढलं, जगभर फिरलं, आणि सैन्यात परत आलं ते 'डांगरी' होऊन. आमचा रणगाड्यावरचा हरियाणवी जवान काळी डांगरी चढवतो, तेव्हा तो मुंबईच्या एका मोहल्ल्याचं नाव घेत असतो, हे त्याला मी सांगून पाहिलं आहे. त्याने सभ्यपणे मान डोलावली.

आता बूट. इथे आणलेल्या दोन जोडांपैकी एक ॲम्युनिशन बूट, मुंबईच्या चोर बाजारातला. या नावाचा दारूगोळ्याशी संबंध नाही. जुन्या इंग्रजीत सैनिकाला सरकारी भांडारातून मिळणाऱ्या कुठल्याही वस्तूला हे विशेषण लागायचं, पावालासुद्धा. जाड कातडं, तळव्याला लोखंडी खिळे, टाचेला घोड्यासारखी नाल. हिंदुस्थानात असे बूट लाखांनी बनले ते कानपूरला. १८५७ नंतर तिथे सरकारने खोगीर आणि कातडी सामानाचा कारखाना काढला, पुढे १८८० च्या दशकात कूपर ॲलन कंपनी उभी राहिली, आणि दोन्ही महायुद्धांत हिंदी शिपायाच्या पायात कानपूर होतं. अकादमीत पहिल्या आठवड्यात आम्हाला ड्रिलचे बूट मिळाले ते याच जातीचे. रात्री बारा-बारा वाजेपर्यंत थुंकी आणि पॉलिशने त्यांची टोकं घासायची. सकाळी उस्ताद त्यात स्वतःचे दात बघायचा, आणि दिसले नाहीत तर आम्हाला बाकी सगळं दाखवायचा. पाचशे टाचा एकदम आदळल्याचा तो आवाज अजून कानात आहे.

पण परेडवर राजा असलेला हा बूट बर्फात वैरी होतो. लोखंडी खिळे तळव्यातली ऊब शोषून जमिनीला देतात. कातडं भिजलं की रात्रीत लाकडासारखं कडक होतं. तरीही तो बूट आहे. डोंगरावर ज्याच्या पायात तोही नाही, त्याचं काय होतं, ही गोष्ट मला सांगायची आहे, आणि निवडणुकीशिवाय ती सांगता येत नाही.

या दिवसांत माझ्या फोनवर जे फोटो येतात, त्यांत जवान असतो, तिरंगा असतो आणि कुठलं ना कुठलं चिन्ह असतं. पाठवणारे सगळ्या रंगांचे आहेत, कुणी मागे नाही. प्रचारात सैनिकांची छायाचित्रं वापरू नका, असं निवडणूक आयोगाने ४ डिसेंबर २०१३ ला सगळ्या पक्षांना कळवलं आणि ९ मार्च २०१९ ला त्याची पुन्हा आठवण करून दिली. कागद आपल्या जागी, फलक आपल्या जागी. बुटांचा शौकीन म्हणून मला त्या फलकांत एकच गोष्ट खटकते. जवानाचा फोटो नेहमी कमरेपर्यंत असतो. छाती दिसते, बंदूक दिसते, डोळे दिसतात. पाय कधीच चौकटीत येत नाहीत.

हे आजचंच आहे असं मात्र नाही.

१८ आणि १९ डिसेंबर १९६१. गोवा मुक्त झाला. साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता दोन दिवसांत संपली. महाराष्ट्रात आनंदाला पारावार नव्हता, आणि का असावा? सत्याग्रहींनी गोळ्या झेलल्या होत्या, घरं उद्ध्वस्त झाली होती. त्यानंतर दोन महिन्यांनी, फेब्रुवारी १९६२ मध्ये, सार्वत्रिक निवडणूक झाली. उत्तर मुंबईत काँग्रेसचे उमेदवार होते खुद्द संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन. त्यांच्यासमोर विरोधकांनी मिळून उभे केले आचार्य कृपलानी. देशातली सगळ्यांत गाजलेली लढत ती. नेहरू मेननसाठी जिवाचं रान करत होते, सिनेमातली मंडळी प्रचाराला उतरली होती. गोव्याचा मुहूर्त निवडणूक बघून काढला, असा आरोप विरोधक करत होते. गोव्याचा विजय मिरवण्यात सत्ताधारी मागे नव्हते.

माझे वडील तेव्हा बारा वर्षांचे होते. घर अंधेरीच्या चाळीत, म्हणजे ऐन रणभूमीवर. आजोबा रोज लोकलने गिरणीत जायचे. वडील सांगतात, संध्याकाळी लाउडस्पीकर लावलेल्या लॉऱ्या एकामागून एक यायच्या. एका लॉरीच्या मागे पोरं धावत जायची ती कोपऱ्यावर दुसऱ्या पक्षाची लॉरी भेटली की तिच्यामागे परत यायची. चाळीत दोन तट पडले होते. नळावर भांडणं व्हायची. आजोबांनी मत कुणाला दिलं, ते त्यांनी मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

मेनन सुमारे दीड लाख मतांच्या फरकाने निवडून आले. त्या प्रचारात चीनचा विषय नव्हता असं नाही. कृपलानींचा तर मेननवरचा मोठा आक्षेपच तो होता, आणि लष्करातल्या बढत्यांमधला हस्तक्षेप हा दुसरा. लोकसभेत त्यांनी १९६१ मध्ये त्यावर घणाघाती भाषण केलं होतं. पण त्याच कृपलानींनी काही वर्षांपूर्वी अहिंसेच्या देशात सैन्यावरचा खर्च वाढतोच कसा, असाही सवाल त्याच सभागृहात केला होता. तिकडे मेनननी आवडीला रणगाड्यांचा कारखाना उभारण्याची पायाभरणी केली होती, मिग विमानांची बोलणी चालवली होती, त्याचं श्रेय त्यांचं आहे. आणि त्यांच्याच काळात सरकारी शस्त्रनिर्मिती कारखान्यांत कॉफी गाळायची यंत्रं बनतात म्हणून टीका होत होती. माझा मुद्दा कोण चांगला आणि कोण वाईट हा नाही. त्या दीड-दोन महिन्यांच्या रणधुमाळीत दोन्ही बाजूंच्या तोंडी सैन्य होतं. पण चौदा हजार फुटांवर हिवाळा काढायला जवानाकडे कपडे किती आहेत, हा प्रश्न निवडणुकीचा झाला नाही. 'आगेकूच धोरण' नोव्हेंबर १९६१ मध्येच ठरलं होतं. चौक्या पुढे सरकत होत्या, सामान मागेच होतं. आणि मागे म्हणजे फार मागे, मैदानात.

आठ महिन्यांनी, ऑक्टोबरात, नामका चू नदीच्या काठावर सात क्रमांकाची ब्रिगेड उभी केली गेली. ब्रिगेडियर जॉन दळवी तिचे कमांडर. त्यांचं 'हिमालयन ब्लंडर' हे पुस्तक १९६९ मध्ये आलं आणि सरकारने त्यावर बंदी घातली. पुढे आमच्या पिढीने ते अधिकारी होताच वाचलं. लुंपूहून तेरा हजार फुटांवरची हाथुंग ला खिंड ओलांडून त्या नदीच्या घळीत उतरायचं. रस्ता नाही, खेचरं जात नाहीत, हमाल पुरत नाहीत. विमानातून त्सांगधारला टाकलेलं सामान निम्म्याहून जास्त दरीत जायचं. २ राजपूत आणि १/९ गोरखा रायफल्स या पलटणी तिथे पोचल्या त्या सुती गणवेशात, माणशी एक ब्लँकेट आणि पन्नास गोळ्या घेऊन. कित्येकांच्या पायांत कॅनव्हासचे बूट होते, आपण शाळेत पीटीला घालायचो तसे.

या वाक्यावरून वाचणारा सहज पुढे जातो. मी बुटांचा माणूस आहे, म्हणून मी जरा थांबतो. कॅनव्हास म्हणजे विणलेलं सुती कापड, डंगरीचा भाऊच. ते पाणी आत घेतं. नदी ओलांडताना, दवात, घामाने ते भिजतं, आणि रात्री पारा शून्याखाली गेला की पायावरच गोठतं. तळवा पातळ रबराचा, त्यात ऊब धरणारा थर नाही. पहिल्या दिवशी बोटं दुखतात. दुसऱ्या दिवशी दुखायची थांबतात, आणि तेच वाईट लक्षण असतं. तिसऱ्या दिवशी मोजा काढताना कातडी सोबत येते. अशा पायांवर उभं राहून ब्रेन गन चालवायची, खंदक खणायचा. खणायला पुरेशी हत्यारंही नव्हती. आणि शत्रू समोरच्या थाग लाच्या उंचीवरून खाली बघतोय.

१२ ऑक्टोबरला पंतप्रधान श्रीलंकेला निघाले असताना विमानतळावर त्यांनी वार्ताहरांना सांगितलं की चिन्यांना हुसकावण्याचे आदेश सैन्याला दिले आहेत. २० ऑक्टोबरच्या पहाटे चिनी तोफा सुरू झाल्या. २ राजपूतचे ५१३ जण नामका चूवर होते, त्यांतले २८२ पडले. पलटण जागेवरून हलली नाही. दळवी दोन दिवसांनी शत्रूच्या हाती लागले.

नोव्हेंबरात अंधेरीच्या त्याच चाळीत बायका विणायला बसल्या. सगळ्या देशात बसल्या होत्या. दागिने देत होत्या, लोकर विणत होत्या. मुंबईत स्वेटर कुणाला ठाऊक? माझ्या आजीने जन्मात सुया हातात धरल्या नव्हत्या. महिला मंडळातून खाकी लोकरीचे गुंडे आले आणि एका गुजराती शेजारणीने तिला मोजा शिकवला. माप कुठलं घ्यायचं, हे कुणाला माहीत नव्हतं. म्हणून आजीने आजोबांच्या पायाचं माप घेतलं. आजोबा गिरणीतून यायचे आणि पाय पुढे करून बसायचे. ती विणत जायची, पावलाला लावून बघायची, उसवायची. तिने चार जोड विणले. आणि आपल्या मंगळसूत्रातला एक सोन्याचा मणी दिला. फेब्रुवारीत नळावर एकमेकींशी भांडलेल्या त्या सगळ्या बायका आता एकाच सतरंजीवर होत्या, असं वडील सांगतात. लॉऱ्या मात्र आल्या नाहीत.

ते मोजे कुठे पोचले कोण जाणे. नामका चूवर तर नक्कीच नाही.

७ नोव्हेंबरला मेननना मंत्रिमंडळातून जावं लागलं. यशवंतराव चव्हाण मुंबई सोडून दिल्लीला गेले. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, हे वाक्य प्रत्येक मराठी घरात आहे, आमच्याही. पुढच्या वर्षी ते नाशिकमधून लोकसभेवर गेले, तेही बिनविरोध. सैन्याची फेरउभारणी, पर्वतीय डिव्हिजन्स, बर्फातलं प्रशिक्षण, कपडे आणि बूट, या सगळ्या कामाचा आरंभ त्या वर्षांतला. मला त्यात अभिमान वाटतो आणि थोडं हसूही येतं. आयुष्यभर ज्याचे फलक लागले नाहीत, ते बूट-मोज्यांच्या हिशेबाचं काम एका बिनविरोध निवडून आलेल्या माणसाने केलं.

आता एक गोष्ट, जी इथे पोस्टिंगला येईपर्यंत मलाही कधी सुचली नव्हती. ज्या भूमीवर हे सगळं घडलं, तिथल्या माणसांनी १९६२ च्या निवडणुकीत मतच दिलं नव्हतं. तेव्हाच्या नेफाचा लोकसभेतला प्रतिनिधी राष्ट्रपती नेमायचे. इथे लोकसभेची पहिली निवडणूक झाली ती १९७७ मध्ये. बासष्टला पाठीवर सैन्याची ओझी वाहिलेल्यांना लोकसभेसाठी मताचा हक्क मिळाला तो पंधरा वर्षांनी.

मागच्या उन्हाळ्यात से ला खिंडीच्या बाजूला आम्ही पायी फिरत होतो. आता खालून बोगदा झाला आहे, वरच्या जुन्या वाटेला कमी जण येतात. नोव्हेंबर बासष्टमध्ये इथे ६२ ब्रिगेड होती. १७-१८ च्या रात्री ती मागे हटली आणि वाटेत विस्कटली. दगड रचून केलेले मोर्चे अजून आहेत, वर शेवाळ, आत पाणी. एका मोर्च्यात मला एक काळा तळवा दिसला. रबराचा, पातळ, आडव्या रेघांचा. कॅनव्हास कुजून गेलं होतं, काठाशी दोऱ्याची चार भोकं तेवढी शाबूत, हिरवी पडलेली पितळी कडी. पाय लहान होता, सहा नंबर असेल. टाच बाहेरच्या बाजूने जास्त झिजली होती, म्हणजे तो माणूस जरा फेंगडा चालत असणार.

खरं सांगतो, माझ्यातला संग्राहक आधी जागा झाला. दोन दशकं मी बूट गोळा करतोय, आणि हे असं काही कुणाकडे नाही. मी तो पुसून पिशवीत घालणार, तेवढ्यात माझे सुभेदार साहेब जवळ आले. ते गढवालचे. इथून थोड्या अंतरावर नुरानांगला त्यांच्याच मुलखाची ४ गढवाल रायफल्स लढली होती. त्यांनी तळवा माझ्या हातातून घेतला, उलटून पाहिला आणि म्हणाले, "साहब, यह बूट नहीं है। आदमी है।" मग वाकून तो होता तिथेच ठेवला, वर एक चपटा दगड ठेवला. आम्ही टोप्या काढून क्षणभर उभे राहिलो आणि निघालो. जागा कुठली, ते मी इथे लिहीत नाही.

त्यानंतर चोर बाजारच्या जोडाला पॉलिश लावताना मी तळव्याकडे आधी बघतो.

या सगळ्यात निवडणुकीचा मला राग आहे असं कुणी समजू नये. राग आहे तो त्या हंगामातल्या बोलण्याचा. निवडणूक मी इथे वेगळीच पाहिली. याच राज्याच्या पूर्व टोकाला अंजॉ जिल्ह्यात मालोगाम नावाचं गाव आहे. तिथे एका मतदार बाईसाठी २०१९ मध्येही मतदान केंद्र उघडलं आणि २०२४ मध्येही. त्यासाठी कर्मचाऱ्यांची टोळी यंत्र घेऊन सुमारे ४० किलोमीटरची वाट तुडवत गेली. त्यांचा फोटो कुणी फलकावर लावला नाही.

आमच्याकडेही अशीच एक टोळी आली. १९ एप्रिल २०२४ चं मतदान उरकून एका वरच्या गावातून उतरत होती. अंधार पडला, पाऊस-बर्फ मिसळून पडायला लागला, म्हणून आमच्या चौकीवर थांबली. यंत्रं त्यांच्याच पोलिसांच्या पहाऱ्यात एका खोलीत राहिली. आमच्यातल्या कुणी त्या दाराजवळही जायचं नाही, हे मी आधीच बजावलं होतं. माणसं मात्र बुखारीजवळ आणून बसवली. त्यांतले एक शाळामास्तर, पन्नाशीचे. त्यांच्या उजव्या बुटाचा तळवा पुढून पूर्ण उघडला होता. वाटेत त्यांनी तो सुतळीने बांधला होता, सुतळीही तुटली होती. मोजा काढला तेव्हा बोटं पांढरी पडलेली. आमच्या नर्सिंग असिस्टंटने कोमट पाण्याचं घमेलं आणलं. मास्तर संकोचून म्हणत होते, राहू द्या, उद्या खाली गेल्यावर बघू.

आमच्या ईबीआरने, म्हणजे युनिटच्या मोच्याने, बूट कुणाला न विचारता उचलला होता. बाजूला कंदील घेऊन बसला आणि आरी चालवायला लागला. त्याला साधा बूट शिवता येत नाही, हात सैन्याचा आहे. तळवा दुहेरी शिवला, मेण लावलं, आणि सवयीने टाचेला लोखंडी नाल ठोकली. मग एकाच पायाला नाल बरी दिसेना, म्हणून डावा बूटही घेतला आणि त्यालाही ठोकली.

मास्तरांनी सकाळी पाकीट काढलं. त्याने हात जोडले आणि चहा आणायला निघून गेला. टोळी पेट्या उचलून निघाली. लंगरपासून गेटपर्यंत आमची वाट सिमेंटची आहे. धुकं होतं, माणसं दिसेनाशी झाली, पण मास्तरांच्या टाचांचा खाड खाड आवाज गेटच्या पलीकडच्या वळणापर्यंत ऐकू येत होता.